बेथलेहेमचे पाणी आणि असईची लढाई



आजच्या मननासाठी २ शमुवेल, अध्याय २३, वचने १३ ते १७ हा शास्त्रभाग घेतला आहे. ज्या मंडळ्यांत उपदेशक बंधू हा लेख मोठ्याने वाचून दाखवितील, तेथे त्यांनी प्रथम तो भाग सावकाश वाचावा, म्हणजे पुढील गोष्ट नीट ध्यानात येईल.

कापणीचे दिवस आहेत. दावीद अदुल्लामच्या गुहेत लपून आहे आणि त्याच्या स्वतःच्या बेथलेहेम गावी पलिष्ट्यांचे ठाणे बसले आहे. तहानलेल्या दाविदाला गावच्या वेशीजवळच्या विहिरीची आठवण होते आणि तिचे पाणी मिळाले तर किती बरे होईल, असे तो बोलून जातो. ती आज्ञा नव्हती. तो केवळ तहानेचा उसासा होता. परंतु त्याचे तीन वीर ते ऐकतात, शत्रूची फळी फोडून पाणी काढितात आणि त्याच्यापुढे आणून ठेवितात. दावीद ते पीत नाही. ज्यांनी जिवावर उदार होऊन ते आणिले त्यांचे रक्तच या भांड्यात आहे, असे त्याला वाटते, आणि तो ते परमेश्वरापुढे भूमीवर ओततो. ज्या मुलुखात उन्हाळ्यात दोन घागरींसाठी कोसभर चालावे लागते, तेथील आयाबहिणींना पाणी ओतून देणे म्हणजे काय, हे मी समजावून सांगण्याची गरज नाही.

हा भाग मला एका अवघड प्रश्नावरून आठवला. आमच्या अंबडच्या आठवडे बाजारात भोकरदनकडील एक वृद्ध शेतकरी भेटला. मनाने सरळ, बोलण्यात रोखठोक. रामराम झाल्यावर तो म्हणाला, “पाद्रीबाबा, आमच्या असईला गोऱ्या सायबाने तोफा उडविल्या आणि मग त्याच्या मागून तुमचा देव आला. खरे की खोटे?” भोवतालची माणसे हसली. मीही हसलो, परंतु मला तत्काळ उत्तर सुचले नाही. उत्तर शोधण्यास मला आठ दिवस लागले. आपणांपैकी पुष्कळांना हाच प्रश्न शेजारी, सोयरे, क्वचित घरचीच माणसे विचारीत असतील. म्हणून तो गोरा साहेब कोण होता येथून आरंभ करितो.

त्याचे नाव आर्थर वेलस्ली. तो १७६९ साली आयर्लंडच्या डब्लिन शहरी, एका उमराव परंतु कर्जात बुडालेल्या घराण्यात जन्मला. बाळपणी तो काही विशेष करील असे कोणास वाटले नव्हते. १७८७ साली तो सैन्यात शिरला, १७९० साली आयर्लंडच्या विधिसभेत सभासद म्हणून बसला, आणि १७९७ च्या आरंभी पलटणीसह कलकत्त्यास उतरला. पुढल्याच वर्षी त्याचा वडील बंधू रिचर्ड हा कंपनीचा गव्हर्नर जनरल होऊन आला. भावाच्या आश्रयाने धाकट्याची बढती लवकर झाली, हे लपविण्यात अर्थ नाही; समकालीन अधिकाऱ्यांनीही त्याबद्दल कुरकुर केली. मात्र दाणागोटा, बैल, होड्या आणि रस्ते यांचा जितका बारीक विचार तो करी, तितका त्या काळी थोडेच सेनापती करीत.

१८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे कंपनीशी तह करून बसले. पुढल्या मे महिन्यात वेलस्लीने त्यांना पुण्याच्या गादीवर परत बसविले. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांना तो तह मान्य नव्हता. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि १२ तारखेस नगरचा किल्ला पडला. तेथून वेलस्ली औरंगाबादेस आला. मराठ्यांचे घोडदळ हैदराबादेकडे उतरू नये म्हणून तो गोदावरीच्या काठाने, म्हणजे आपल्या अंबड तालुक्याच्या बाजूनेच, पूर्वेकडे सरकला. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने जालना घेतले. २१ सप्टेंबर रोजी दोघे बदनापुरास भेटले. दोन वाटांनी उत्तरेस जावे आणि २४ तारखेस मिळून हल्ला करावा, असे ठरले.

परंतु २३ तारखेसच वेलस्लीला कळले की मराठ्यांची फौज अगदी जवळ, केळणा व जुई या दोन नद्यांच्या दुआबात, असई गावापाशी उतरली आहे. त्याच्याजवळ म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार धरून सुमारे साडेनऊ हजार माणसे होती. समोर कवायती पायदळच दहा हजारांवर, शिवाय इतर पायदळ, तीस हजारांहून अधिक स्वार आणि शंभरांवर तोफा. वाटाड्यांनी सांगितले की जवळपास उतार नाही. त्याने पाहिले की नदीच्या अलीकडे पिंपळगाव आणि पलीकडे समोरच वरूड अशी दोन गावे आहेत. दोन गावे अशी समोरासमोर वसली, तर त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्याने तर्क केला; आणि तो खरा ठरला. माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. ती तोफांच्या विद्येतून आली नाही. सोयरीक, बाजार, दळण यांसाठी माणसे नदी ओलांडतात, एवढ्या साध्या जाणिवेतून ती आली.

आता लढाईचे पाहा. मराठ्यांच्या कवायती पलटणींचा मुख्य अँथनी पोहलमन हा हानोव्हरचा जर्मन मनुष्य होता आणि पूर्वी कंपनीच्याच सैन्यात सार्जंट होता. म्हणजे एका बाजूस आयर्लंडचा मनुष्य, दुसऱ्या बाजूस जर्मनीचा. आणि मेले कोण? शिंद्यांच्या पलटणींतील हिंदुस्थानी शिपाई, मराठी मुलुखातील गोलंदाज व स्वार, मद्रासचे तेलुगू व तमिळ शिपाई आणि स्कॉटलंडच्या डोंगरांतील गरीब शेतकऱ्यांची मुले. त्या गोलंदाजांची वीरता त्यांच्या शत्रूंनीही वर्णिली आहे. तोफा हातच्या जाईपर्यंत ते जागेवरून हलले नाहीत. काहीजण मेल्याचे सोंग करून तोफांखाली पडले आणि इंग्रजांची रांग पुढे जाताच उठून मागून मारा करू लागले. तेव्हा वेलस्लीला स्वतः मागे फिरून त्याच तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. त्याच्याखालील एक घोडा गोळी लागून मेला, दुसऱ्यास भाला लागला. कर्नल मॅक्सवेल हा स्वारांचा नायक तेथेच पडला.

उजव्या बगलेस एक घोर चूक झाली. ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्यास असई गावापासून दूर राहण्याची आज्ञा होती. तो आपली तुकडी घेऊन सरळ गावाच्या तोंडावर गेला. मागून ७४ वी पलटण गेली. गावातल्या तोफांनी तिची चाळण केली. सुमारे पाचशे माणसांपैकी चारशेंहून अधिक मेली वा जखमी झाली. सायंकाळपर्यंत मैदान वेलस्लीच्या हाती आले, ९८ तोफा मिळाल्या. परंतु त्याच्या बाजूची ४२८ माणसे मेली, ११३८ जखमी झाली, १८ सापडली नाहीत. जी प्रत्यक्ष लढली त्यांत तीन माणसांमागे एक पडले. मराठ्यांच्या बाजूस बाराशेंच्या आसपास प्रेते मोजली गेली. जखमींची कोणी नीट मोजदाद केली नाही.

चौतीस वर्षांचा तो सेनापती त्या रात्री मेलेल्यांच्या व पाय तुटलेल्यांच्या मध्ये उघड्यावर पडून राहिला. सोबतच्यांनी लिहून ठेविले आहे की विजयाच्या त्या रात्री तो गुडघ्यांत डोके घालून बसला होता. पुढे त्याने पत्रात लिहिले की एवढा लाभ मिळाला तरी २३ सप्टेंबरसारखी हानी मला पुन्हा पाहावयास नको. ऑरॉकविषयीचे त्याचे लिहिणे तर आपण उपदेशकांनी मनावर कोरून ठेवावे असे आहे. त्या चुकीच्या परिणामांचे मला दुःख आहे, परंतु त्या अधिकाऱ्यावर मी ठपका ठेवू इच्छीत नाही, कारण इतक्या भयंकर आगीत कोणी माणसे नेलीच नसतील, अशा अर्थाचे ते आहे. चूक झाली हे तो झाकीत नाही. चुकलेल्या मनुष्यास चव्हाट्यावरही आणीत नाही. आपल्या पंचायतींत यांपैकी एक तरी साधते काय?

बंधुजनहो, येथे मला दावीद आठवतो आणि त्याच वेळी दोघांमधला भेदही दिसतो. भांड्यातले रक्त वेलस्लीने ओळखिले. परंतु ते पाणी त्याने ओतून दिले नाही. ते तो प्याला. दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबर रोजी, अडगावला तो पुन्हा लढला. १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. महिनाअखेरच्या तहाने शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील आपला मुलूख, जालन्यासह, सोडून दिला. त्याच सुमारास दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. फौजांनी तुडविलेली शेते, लुटलेली पेवे आणि त्यावर पावसाची ओढ. वेलस्लीने नगरला भुकेल्यांना कामे देऊन धान्य देण्याची सोय केली, हे सत्य आहे. आणि त्या भुकेला त्याची लढाईही एक कारण होती, हेही सत्य आहे. एक सांगून दुसरे गाळणे हे आपल्या व्यासपीठास शोभत नाही.

आता बाजारातल्या त्या बाबांचा प्रश्न. असईच्या तोफांमागून सुवार्ता आली काय? वेलस्ली ज्या कंपनीचा सेवक होता, तिला मिशनरी नकोच होते. धर्माच्या गोष्टीने लोक बिथरतील व व्यापार बुडेल, असे तिला भय वाटे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम केला. किती विनवण्या करून ते राहू शकले! आणि जालन्यास मंडळी उभी केली ती कोणी? नारायण शेषाद्री या मराठी बोलणाऱ्या ब्राह्मणाने. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईत झाला. जातीने त्यांना टाकिले. असईनंतर दोन पिढ्यांनी ते निजामाच्या या मुलुखात आले, महार व मांग बांधवांमध्ये बसले आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. त्यांच्या हाती तोफ नव्हती. पोथी आणि औषधाची पेटी एवढेच काय ते होते. तथापि त्या वृद्ध बाबांचा प्रश्न निव्वळ खोटा, असेही मी म्हणणार नाही. गोऱ्या राज्याच्या सावलीत आपणांपैकी काहींना मान मिळाला आणि ती सावली कोणत्या झाडाची, हे आपण विचारिले नाही. पुढील बाजारी ते भेटले तेव्हा मी त्यांना हे दोन्ही सांगितले. ते म्हणाले, “अर्धे पटले.” मला तेवढे पुरेसे वाटले.

वेलस्लीच्या चरित्रात एक लहान गोष्ट आहे, तिच्यापाशी थोडे थांबू. असईच्या तीन वर्षे आधी, १० सप्टेंबर १८०० रोजी, कर्नाटकात त्याने धोंडजी वाघ या बंडखोर सरदाराचा पाठलाग करून त्याला मारिले. लुटीच्या सामानात एक चारेक वर्षांचे मूल सापडले. ते धोंडजीचे, नाव सलाबतखान. वेलस्लीने त्याला आपल्या तंबूत नेले, वाढविले, आणि १८०५ साली हिंदुस्थान सोडताना त्याच्या शिक्षणाकरिता पैसे ठेविले. तो मुलगा पुढे म्हैसूरच्या राजाच्या चाकरीस लागला आणि १८२२ साली पटकीने वारला. शास्त्रात दावीद योनाथानाच्या पांगळ्या मुलास, मफीबोशेथास, आपल्या पंगतीस बसवितो. परंतु तो मित्राचा मुलगा होता. हा तर शत्रूचा. एका मुलास सांभाळिल्याने त्याचा बाप परत येत नाही, हे खरे. तरीही ज्याने बाप मारिला त्याच्याच तंबूत ते मूल निजत होते, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

मायदेशी गेल्यावर त्याने पोर्तुगाल व स्पेनमध्ये नेपोलियनच्या सरदारांशी सहा वर्षे युद्ध केले, १८१४ साली तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला, आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा शेवटचा पराभव केला. जगाने वॉटर्लूचा गाजावाजा केला. परंतु लढाईतली तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, असे उतारवयात कोणी विचारिले तेव्हा त्याने असईचे नाव घेतले, असे सांगतात. वॉटर्लूच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वैद्याने मेलेल्यांची यादी वाचून दाखविली, तेव्हा त्या लोखंडी मनुष्याच्या धूळभरल्या गालांवरून अश्रू ओघळले. हरलेल्या लढाईनंतर जिंकलेल्या लढाईसारखे दुःखद काही नाही, असे त्याचे मत झाले होते.

पुढे तो राजकारणात शिरला आणि १८२८ च्या जानेवारीत इंग्लंडचा पंतप्रधान झाला. आता ज्यासाठी मी ही सारी कथा सांगत आहे ती गोष्ट येते.

आयर्लंडात बहुतेक लोक रोमन कॅथलिक. परंतु कॅथलिक मनुष्यास पार्लमेंटात बसता येत नसे, कारण तेथील शपथ त्याच्या धर्माविरुद्ध होती. वेलिंग्टन स्वतः प्रॉटेस्टंट, त्याचा पक्ष प्रॉटेस्टंटांचा कैवारी, आणि तोवर तोही या हक्काच्या विरुद्धच होता. १८२८ च्या जुलैत क्लेअर येथील निवडणूक डॅनियल ओकॉनेल या कॅथलिक वकिलाने जिंकली. त्याला बसू न द्यावे, तर आयर्लंड पेटणार. फौज पाठवावी, तर पाठविता येत होती. आणि फौज चालविण्यात वेलिंग्टनइतका निपुण मनुष्य त्या काळी युरोपात नव्हता. त्याने फौज पाठविली नाही. आपले मत बदलले, नाखूश राजास वळविले, स्वपक्षीयांच्या शिव्या खाल्ल्या, आणि १३ एप्रिल १८२९ रोजी कायदा मंजूर करून घेतला. उमरावांच्या सभेत तो म्हणाला की माझे आयुष्य बहुतेकांपेक्षा अधिक युद्धात गेले आहे, आणि यादवी युद्धाचा एक महिना जरी टळणार असेल तरी त्याकरिता मी प्राण देईन. हे शब्द पुस्तक वाचून आलेले नव्हते. केळणेच्या काठी गुडघ्यांत डोके घालून बसलेला मनुष्यच ते बोलत होता, असे मी समजतो. असईला प्यालेले पाणी त्याने सव्वीस वर्षांनी ओतून दिले. यावेळी त्या भांड्यात त्याचा स्वतःचा अभिमान होता.

त्याला निर्दोष ठरविण्याचा माझा हेतू नाही. याच वादात एका उमरावाने त्याच्या हेतूवर शिंतोडे उडविले, तेव्हा साठीस टेकलेला हा पंतप्रधान पिस्तूल घेऊन द्वंद्वास गेला. कोणी मेले नाही, समोरच्याने क्षमा मागितली. पण लहान पोराच्या हट्टाहून हे वेगळे ते काय? त्याहून गंभीर गोष्ट अशी की कॅथलिकांना पार्लमेंटाचे दार उघडताना त्याच सरकारने आयर्लंडातील मतदानाची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली. वकील व जमीनदार आत गेले. ज्या गरीब कुळांनी ओकॉनेलला निवडून दिले त्यांचे मत मात्र गेले. येथेही पाणी एकाने प्याले आणि किंमत दुसऱ्याने दिली. पुढल्या वर्षी इंग्लंडातील लोकांनी मताधिकार मागितला, तेव्हा २ नोव्हेंबर १८३० रोजी त्याने आहे तीच व्यवस्था उत्तम असल्याचे ठणकावून सांगितले आणि पंधरवड्यात त्याचे सरकार पडले. १८३१ च्या एप्रिलात जमावाने त्याच्या घराच्या काचा फोडल्या. आत त्याच्या पत्नीचे प्रेत होते, मरून तीन दिवस झाले होते. त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसविल्या. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वारला. परमेश्वराने त्याच्या मनाचे एक दार उघडिले होते. बाकीची त्याने, खिडक्यांप्रमाणेच, लावून घेतली.

उपदेशक बंधूंनो, हा लेख मी एका विशिष्ट मंडळीकरिता लिहीत आहे. तिचे नाव सांगत नाही, तिला ते कळेल. तेथे दोन विश्वासी कुटुंबांत बांधावरून तंटा आहे. बांध दोन हाताचा. दावा सहा वर्षे चालला आहे. एका घरचा बैल विकला गेला, दुसऱ्या घरच्या मुलीचे शिक्षण सुटले, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी दोन्ही घरची माणसे प्रार्थनामंदिराच्या दोन टोकांस बसतात. दोघेही मला सांगतात की न्याय आपल्या बाजूस आहे. कदाचित एकाच्या बाजूस असेलही. मी त्या वडीलधाऱ्यांना कागद दाखवा असे म्हटले नाही. मी एवढेच विचारिले की निकाल तुमच्यासारखा लागला, तर त्या दोन हात जमिनीत जे पिकेल ते तुम्ही मुलीच्या ताटात वाढाल काय? त्यांनी उत्तर दिले नाही. उठून त्यांनी माठातले पाणी तांब्यात ओतून माझ्यापुढे ठेविले, आणि बराच वेळ आम्ही दोघेही त्याकडे पाहत बसलो.